हेतुकथन

प्रिय ताई,

हे पत्र उघडण्याआधी गॅस बंद केला आहेस का, ते उठून बघून ये. दूध ठेवलं असशील तर उतू जाईल. हे पत्र लांब आहे आणि मध्ये उठण्यासारखं नाही. मी असं लिहिलं की तू हसतेस, बाबांना दुसऱ्याच्या चुलीचीही काळजी, म्हणतेस. हस. पण बघून ये.

माझी तब्येत आहे तशी आहे. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात सारखी शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाला, इतकी वर्षं लोखंडावर लोखंड आपटत राहिलात, आणखी काय होणार. धाकट्याचं बरं चाललं आहे. सूनबाई वेळेवर जेवायला घालते, बोलत नाही, पण घालते. माझी खाट त्यांनी आता जिन्याखालच्या खोलीत हलवली आहे. खिडकी लहान आहे, पण वारा बरा येतो. एकच भीती वाटते, की तोल जाऊन पडलो तर हाक वरपर्यंत पोचणार नाही. म्हणून उशाशी स्टीलचा पेला ठेवतो, वाजवायला. सवय जात नाही.

तू फोनवर सांगितलंस त्याप्रमाणे तुझी लेक भिंगरी इथे येऊन राहिली आहे. आज अकरावा दिवस. तू म्हणालीस, “बाबा, माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. तिला शिक्षिका व्हायचं खूळ लागलंय. माझ्या पाठाची गोष्ट तुम्हीच तिला सांगा, तुम्ही तिथे होतात. मी सांगितली तर रडगाणं वाटतं, तुम्ही सांगितलीत की लोक हसतात आणि लक्षात ठेवतात.” हे तू म्हणालीस, तेव्हा फोन मी उजव्या कानाला लावलेला होता, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं. डावीकडे धरला असता तर बरं झालं असतं.

सांगितली. पहिल्याच संध्याकाळी सांगितली. नेहमीसारखी, हातवारे करून. तुझा सहावीच्या वर्गावरचा नमुना पाठ, आमच्या शाळेतली एक रिकामी जागा, मागच्या बाकावर तुझ्या टाचणाची वही उघडून बसलेले तपासणीस साहेब, दारावरून झाडू घेऊन जाणारा मी, आणि तुझे ते दोन ओले रुमाल. एक घडी घातलेला, एक दोरीवर पसरलेला. तास संपताना पोरांनी हात लावून बघायचं, की पसरलेला वाळला आणि घडीचा ओलाच राहिला, म्हणजे पाण्याची वाफ कशी होते ते त्यांना कळेल. आणि घंटा झाली तेव्हा दोन्ही रुमाल ओलेच! साहेबांनी उठून स्वतः हात लावला, बोटं पॅन्टला पुसली आणि वहीत शेरा लिहिला. “तेव्हापासून आमच्या ताईचा रुमाल वाळतोच आहे,” हे शेवटचं वाक्य मी म्हटलं, जसं तुझ्या लग्नात म्हटलं होतं, तुझ्या पोरीच्या बारशाला तिला मांडीवर घेऊन म्हटलं होतं, तुझ्या सासऱ्यांसमोर म्हटलं होतं. धाकटा हसला. सूनबाईसुद्धा हसली, वर्षातून एकदा हसते ती. भिंगरी हसली नाही. तिने विचारलं, “आजोबा, तास किती मिनिटांचा होता?”

मी म्हटलं, पस्तीस. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचाच असतो, यात विचारायचं काय.

ताई, तुला आठवतं, तू तो पाठ घरी किती वेळा बसवला होतास? पितळी ताटलीत पाणी, आईचा जुना मलमलचा रुमाल फाडून केलेले दोन तुकडे, स्वयंपाकघरातल्या खिडकीत बांधलेली सुतळी. शेजारच्यांचं गजराचं घड्याळ मागून आणलं होतंस. दर वेळी घट्ट पिळायचीस, पसरायचीस, आणि घड्याळाकडे तोंड करून भिंतीला शिकवायचीस. आई म्हणायची, या भिंती आता परीक्षेला बसल्या तर पहिल्या येतील. तेहेतीस मिनिटांत रुमाल कोरडा व्हायचा. कधी बत्तीस. दोन मिनिटं हाताशी राहायची, त्यात गृहपाठ. सगळं टाचणात लिहिलं होतंस, कुठल्या मिनिटाला काय. पाठात हेतुकथन म्हणजे काय ते मला तूच समजावलं होतंस. शिक्षकाने सुरुवातीलाच वर्गाला सांगायचं, की आज आपण अमुक गोष्ट शिकणार आहोत. पाचव्या मिनिटाच्या आत सांगायचं, म्हणजे पोरांना कळतं आपण इथे कशासाठी बसलोय. मी चौथी शिकलेला शाळेचा शिपाई, पण तो शब्द मला आवडला. वर्गांबाहेरून जाताना मी ऐकायचो, कुठला मास्तर हेतुकथन करतो आणि कुठला नुसताच सुरू होतो.

आणि तुझ्याजवळ मनगटी घड्याळ नव्हतं. वर्गात घड्याळ नव्हतं. तेव्हा तूच युक्ती काढलीस. तू म्हणालीस, “बाबा, तास संपायला पाच मिनिटं उरली की तुम्ही हातात झाडू घेऊन माझ्या दारावरून जा. मी बघेन आणि आवरतं घेईन. कोणाला काही कळणार नाही, शिपाई झाडू घेऊन जाणारच.” मी म्हटलं, जाईन. दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा जाईन म्हटलं.

पाठानंतर तू पाण्याच्या टाकीमागे येऊन उभी राहिलीस. रडत नव्हतीस. एवढंच विचारलंस, “बाबा, तुम्ही झाडू घेऊन गेलात का?” आणि मी म्हटलं, गेलो की. एकदा नाही, दोनदा गेलो. तू मान वर करून बघितलंस तरी कुठे.

मग म्हणालीस, “असेल. मला दिसलं नाही.”

ताई, मी गेलो नव्हतो.

इथपर्यंत आलीस म्हणून सांगतो, पाणी पी. तुला पित्ताचा त्रास आहे आणि उपाशीपोटी वाचायची सवय आहे.

मी तुझ्या दारावरून गेलो नाही, कारण पाच मिनिटं उरण्याची वेळच मी येऊ दिली नाही. तुझा तास बारा दहाला सुरू झाला. पाऊण वाजता संपायला हवा होता. मी बारा अडतीसला घंटा दिली. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तो तुकडा मी वीस वर्षं वाजवला आणि एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, ताप असताना नाही, आई गेली त्या आठवड्यात नाही. एका दिवशी केलं, आणि सात मिनिटं केलं. शाळेत कोणी ओरड केली नाही. तास लवकर सुटला म्हणून कुठला मास्तर तक्रार करतो? चौथा तास सात मिनिटं लांबला, त्याची कुरकुर दोघातिघांनी चहा पिताना केली आणि विसरले. त्याच दिवशी पाचव्या तासाला दुसऱ्या उमेदवार बाईंचा पाठ होता. त्यांना मी पुरी पस्तीस मिनिटं दिली.

त्या बाई म्हणजे हेडमास्तरांची मेहुणी, हे तुला नंतर कळलंच. पण तू म्हणालीस, त्यांचा पाठ चांगला झाला असेल, माझाच फसला, त्यात नात्याचं काय. आधीच्या शनिवारी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं होतं. अकरा वर्षं मी हंगामी होतो. सुट्टी लागली की काढायचे, शाळा उघडली की घ्यायचे, आणि मधले दिवस मी कोणाच्याही वाड्यातल्या विहिरी उपसायला जायचो. हेडमास्तर म्हणाले, तुला कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे, सही राहिली आहे. मग म्हणाले, तुझी पोरगी हुशार आहे, तिला कुठेही जागा मिळेल. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सोमवारी तिसरा तास जरा लवकर मोड. तुला घड्याळ कळतं ना?” एवढंच. किती लवकर ते सांगितलं नाही. सात हा आकडा माझा आहे. घरी तुझं भिंतीला शिकवणं मी रोज ऐकत होतो. रुमाल कधी वाळतो ते मला पाठ होतं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तो हाताला ओला लागतो, हे त्या शाळेत तुझ्याखेरीज फक्त मलाच ठाऊक होतं.

हे मी मागच्या वेळी लिहिलं तेव्हा इथेच थांबलो होतो. पोटासाठी केलं, असं लिहिलं होतं. कोणीही बाप असता तर त्याने केलं असतं, असंही लिहिलं होतं. ते पुरं नाही. दुसरं कारण आहे आणि ते आधीचं आहे.

तुझा अर्ज संस्थेत गेल्याचं कळलं, त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत माझी थट्टा सुरू झाली होती. चित्रकलेचे मास्तर म्हणायचे, “काय शिपाईबुवा, आता पोरगी खुर्चीत आणि तुम्ही दारात! टेबल पुसा म्हणाली तर पुसणार ना?” मी हसायचो. घरी येऊन तुला ते विनोद म्हणून सांगायचो. पण त्या खोलीत मी अकरा वर्षांत कधी बसलो नव्हतो. तिथल्या खुर्च्या मी पुसल्या होत्या, मोडल्या तर खिळे मारले होते, बसलो नव्हतो. तिथे तू बसणार, पाय हलवत बसणार, आणि मी ट्रे घेऊन आत आलो की सगळे आपल्या दोघांकडे बघणार. तुला मी बाई म्हणायचं का ताई म्हणायचं, हे मी रोज सकाळी टाकी भरताना ठरवत होतो आणि ठरत नव्हतं. तू मला चार लोकांत बाबा म्हणाली असतीस तर मला लाज वाटली असती, आणि म्हणाली नसतीस तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. हेडमास्तरांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. कायम होणार म्हणून उतरला, असं मी स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. त्यांनी तो कागद दाखवला नसता, तरी मी काहीतरी केलं असतं असं आता वाटतं. निदान झाडू घेऊन तरी गेलो नसतो.

नंतरचं तर सगळं फुकटात केलं, ते करायला कोणी सांगितलंही नव्हतं. तुला आणखी दोन शाळांतून बोलावणं आलं होतं. पहिल्याला तूच जात नव्हतीस, जिला एक तास सांभाळता येत नाही तिने वर्षाचे तास काय सांभाळायचे, म्हणत होतीस. दुसऱ्या वेळी तू साडी इस्त्री करून ठेवली होतीस. निळी. मी सकाळी म्हटलं, जा, पण पुन्हा हसं नको करून घेऊस. तू साडी घडी करून ट्रंकेत ठेवलीस. ते मी काळजीपोटी म्हटलं असं तुला वाटलं. मला भीती होती ती वेगळीच. तू तिथे पास झाली असतीस, तर इथे नापास का झालीस हा प्रश्न कोणीतरी विचारला असता. तू स्वतःच विचारला असतास.

मग तू औषधांच्या गोदामात खोकी भरायला लागलीस, तिथे सत्तावीस वर्षं आहेस. सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे. शटर उघडण्याआधी अर्धा तास जाऊन फुटपाथवर उभी. जावईबापू चेष्टा करतात, की हिच्या मयतीला लोक पोचतील तेव्हा ही आधीच जळून गेलेली असेल. आम्ही सगळे हसतो. मी सर्वांत मोठ्याने. रस्ता ओलांडताना तू पोरीचा हात धरून तिलाच विचारायचीस, गाडी येत नाहीये ना, मला दिसत नाही नीट. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, ताई. त्या दिवशी दारावरून कोणी गेलं नव्हतं. तुला जे दिसलं नाही ते तिथे नव्हतंच.

त्या मेहुणीबाईंना मी पुढे नऊ वर्षं पाणी दिलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. बाई बऱ्या होत्या. मला निवृत्तीला त्यांनी स्वतःच्या खर्चाने भिंतीवरचं घड्याळ दिलं, वर कागद चिकटवला होता, ‘वेळेच्या पक्क्या माणसास’. ते माझ्या खाटेसमोर आहे. चालू आहे.

आता भिंगरीचं. तू तिला सांगितलंस ना, आपल्या घराण्यात वेळेचं भान नाही, तुलाही जमणार नाही. तिने ते मुकाट ऐकलं आणि येताना तुझ्या ट्रंकेतलं टाचण घेऊन आली. तू शेरा वाचून सुतळीने गाठ मारून ठेवलेलं, तेच. टाचण कसं लिहितात ते तिला बघायचं होतं, दुसरं काही नाही. साहेबांचा शेरा शेवटी आहेच, ‘वेळेचे भान नाही, हेतू साध्य झाला नाही’. तू तेवढाच वाचला असणार. पण समासात त्यांनी पेन्सिलने वेळा टाकल्या आहेत. बारा दहा, आरंभ, रुमाल दोरीवर. बारा चौदा, हेतुकथन. बारा एकवीस, प्रश्नोत्तरे. बारा अडतीस, घंटा. त्यांनी वेळ टाकली आणि वजाबाकी केली नाही. तुझ्या पोरीने केली. माझी गोष्ट ऐकून, पस्तीस ऐकून, ती आत गेली आणि वही घेऊन आली. समासावर बोट ठेवून म्हणाली, “आजोबा, घंटा कोण द्यायचं?”

मी म्हटलं, घड्याळ पुढे असेल. ती म्हणाली, “कोणाचं?” मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, डोक्यात राहत नाही. ती म्हणाली, डोक्यात रुमाल राहिला, झाडू राहिला, साहेबांनी बोटं पुसली तेसुद्धा राहिलं. मी पेला वाजवला, सूनबाईला बोलवायला. ती आली नाही. भिंगरी खाटेच्या कडेला बसून राहिली, ओरडली नाही, काही नाही. तुझी पोर ओरडत नाही, ताई. ओरडली असती तर बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझेच दोन रुमाल भिजवले. घट्ट पिळले. एक घडी करून खिडकीत ठेवला, एक पसरून दोरीला लावला. मला खुर्चीत बसवलं, घड्याळासमोर. म्हणाली, पस्तीस मिनिटं इथून उठायचं नाही. मला लघवीला जायचं होतं, खोटं नाही सांगत. ती म्हणाली, आईला पण तहान लागली होती, तिने टाचणात लिहिलंय, पाण्याचा पेला टेबलावर ठेवणे, आणि तो भरायला तुम्ही विसरला होतात, असं आई सांगते. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तिने माझा हात धरून पसरलेल्या रुमालाला लावला. ओला होता. मग आम्ही सात मिनिटं बसलो. सात मिनिटं फार असतात, ताई. मला ते ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर मिनिटं वाजवली, बसून कधी काढली नव्हती. पस्तिसाव्या मिनिटाला तिने पुन्हा हात लावायला सांगितलं. कोरडा होता. घडीचा तसाच ओला. तुझा पाठ बरोबर होता. ती म्हणाली, “काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा.”

तू मला सांगितलं होतंस की हेतुकथन पाचव्या मिनिटाच्या आत व्हायला हवं. माझं शेवटाला होत आहे. मनाला टोचणी लागली म्हणून मी हे पत्र लिहिलेलं नाही. सत्तावीस वर्षं मला झोप लागत होती. तुझ्या मुलीने मला बुधवारपर्यंत वेळ दिला होता, तुम्ही लिहा नाहीतर मी सांगते, म्हणून लिहिलं. हे तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्याच्या समासात तिने लाल शाईने लिहिलं, ‘घड्याळ पुढे नव्हतं, खरं लिहा’. दुसऱ्याच्या समासात, ‘आणखी कारण?’ या खेपेला फक्त ‘प्रस्तावना लांबली आहे’ असा शेरा आहे, पण गॅसचं राहू दिलं. शेवटी मी क्षमेच्या सात ओळी लिहिल्या होत्या, त्या तिने खोडल्या. म्हणाली, प्रश्नात ते विचारलेलं नाही. लेखी झालं, आता रविवारी तोंडी आहे. धाकटा, सूनबाई, जावईबापू सगळ्यांना तिने बोलावलं आहे, आणि रुमालाची गोष्ट मी सांगायची आहे, नेहमीसारखी उभं राहून, पण पुरी. मी आत्तापासून भिंतीला सांगून बघतो आहे. तिचा शिक्षिकेच्या कोर्सचा फॉर्म भरून झाला आहे, सकाळीच देऊन आली. तू मला तिची समजूत काढायला सांगितली होतीस, ते माझ्याने झालं नाही. हे पत्र ती स्वतः घेऊन येत आहे आणि तू वाचत असताना समोरच्या दारात बसणार आहे. आता मान वर करून बघ. या वेळी दारात आहे कोणीतरी.

तुझाच, हा शब्द तिने खोडलेला नाही, म्हणून तुझाच,
बाबा